जुन्या मोटरहोममध्ये नवा टीव्ही, नवा साउंड : आधी वायर बघा, मग पडदा

“कोणता टीव्ही घेऊ?” असं विचारायला माणूस येतो, तेव्हा बहुतेक वेळा टीव्ही घेऊन झालेला असतो. त्रेचाळीस इंची, खोक्यातच, मागच्या बर्थवर आडवा टाकून आणलेला. गाडी असते बारा-पंधरा वर्षं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. पुण्या-मुंबईकडे कोणीतरी हौसेने तिचं मोटरहोम करून घेतलेलं, मग दोन-तीन हात फिरून ती आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आलेली. संत्र्याचा बगीचा विकला गेला, की घरच्यांना घेऊन शेगाव, लोणार, चिखलदरा, ताडोबा करणारी ही मंडळी. त्यांना मी उलट विचारतो, बॅटरी कोणती आहे आणि तिच्यापासून टीव्हीपर्यंत वायर किती जाडीची गेली आहे? घरी जुना टीव्ही काढून नवा टांगला की काम संपतं. गाडीत टीव्ही हा या कामाचा सगळ्यात सोपा आणि शेवटचा भाग आहे.

आधी जुन्या सामानाचं बघू. गाडी फारच जुनी असेल, तर पिक्चर ट्यूबचा एकवीस इंची डबा असतो. वजन वीस किलोच्या वर आणि वीज सत्तर ते शंभर वॅट. त्यानंतरच्या गाड्यांत पहिल्या पिढीचा एलसीडी सापडतो. त्याच्या पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असतात, त्यामुळे तो दिसायला सडपातळ असला तरी वीज डब्याइतकीच खातो. दोन्ही काढायचे, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. छपरावर काड्यांचा अँटेना असेल, तर तोही उतरवा. दूरदर्शनचे जमिनीवरचे अॅनालॉग ट्रान्समीटर मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाले, आता त्या काड्यांना पकडायला काही उरलेलं नाही. मात्र अँटेना काढल्यावर छपराला राहिलेलं भोक त्याच दिवशी सीलंटने बुजवा. पावसाचं पाणी तिथूनच आत उतरतं आणि प्लायवूड आतून फुगतं.

विजेचा हिशेब

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. एवढं एकच गणित इथे लागतं. बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नास वॅट घेतो, सेट टॉप बॉक्स दहा, छोटा अॅम्प्लिफायर पंधरा धरा. झाले पंच्याहत्तर वॅट. बारा व्होल्टच्या गाडीत म्हणजे सव्वासहा अँपिअर. रोज संध्याकाळी चार तास बघितलं तर तीनशे वॅट-तास. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर बाराशे वॅट-तास असतात, पण लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य भराभर संपतं. म्हणून हातात सहाशेच धरा. दोन संध्याकाळी निघतील असं वाटतं, पण उन्हाळ्यात रात्रभर दोन पंखे चालले की तेच तीनशेच्या वर घेऊन जातात. थोडक्यात, गाडी हलली नाही आणि छपरावर सोलर नसलं, तर एकच संध्याकाळ.

दोनशे वॅटचं सोलर पॅनल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला पाऊण युनिटच्या, म्हणजे साडेसातशे वॅट-तासांच्या आसपास देतं. टीव्ही आणि पंखे त्यात भागतात. पावसाळ्यात मेळघाटात ढग बसले, की हा हिशेब विसरायचा.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या. सेल्फ मारायची बॅटरी वेगळी आणि आतल्या घरासाठीची बॅटरी वेगळी हवी, मधे आयसोलेटर रिले (इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या ठेवणारा स्विच) हवा. जुन्या गाड्यांत मधल्या मालकांपैकी कोणीतरी हा रिले खराब झाल्यावर काढून सरळ जोड दिलेला असतो. मग सिनेमा संपतो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते, तीही सेमाडोहच्या चढावर. बसच्या किंवा ट्रकच्या चेसिसवरची मोठी गाडी असेल, तर ती चोवीस व्होल्टची असू शकते. एकही वस्तू जोडायच्या आधी मल्टीमीटर लावून बघा.

लिथियम बॅटरीबद्दल हल्ली सगळे विचारतात. ती हलकी असते, ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते, हे खरं. पण बऱ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट सेलना पंचेचाळीस अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला सावलीतलाच पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत तर तो कितीतरी वर असतो. शिवाय लिथियम एवढा करंट ओढते, की जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यासाठी मधे वेगळा डीसी-डीसी चार्जर लागतो. फक्त टीव्हीसाठी लिथियम घ्यायचा खटाटोप मला पटत नाही. साधी ट्यूबुलर बॅटरी चालते, फक्त ती झोपायच्या बर्थखाली बंद खोक्यात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी.

“टीव्ही तर चालू होते, पण गाडी चालू केली का बंद पडते”

ही तक्रार इतकी ठरलेली आहे, की समोरचा “काऊन भाऊ, असं काऊन होते?” म्हणायच्या आधीच उत्तर तयार असतं. बारा व्होल्टची म्हटलेली गाडी बारा व्होल्टवर कधीच नसते. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबाराच्या थोडी वर असते, इंजिन चालू असताना चौदा-साडेचौदापर्यंत जाते आणि सेल्फ मारताना क्षणभर नऊ-दहावर आपटते. चोवीस इंचीसारख्या छोट्या टीव्हींना बाहेरून काळा अॅडॉप्टर असतो. त्यावर ‘आउटपुट १२ व्होल्ट’ लिहिलेलं दिसलं, की लोक अॅडॉप्टर फेकून सरळ बॅटरीला जोडतात. टीव्ही चालतो, काही दिवस छान चालतो, आणि मग व्होल्टेजच्या एखाद्या चढ-उतारात त्याचा पॉवर बोर्ड जातो. मधे बारा-ते-बारा स्थिर करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाका. आत नऊ येवो की पंधरा, बाहेर बाराच निघतात. अॅडॉप्टरवर एकोणीस व्होल्ट लिहिलं असेल, तर एकोणिसाचा बूस्ट कन्व्हर्टर मिळतो.

बत्तीस इंची आणि त्यापुढच्या बहुतेक टीव्हींना अॅडॉप्टर नसतो, घरची दोनशे तीस व्होल्टची वीज थेट आत जाते. तिथे इन्व्हर्टर लागतो आणि तो प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी वेव्ह टीव्हीला कदाचित चालेल, पण स्पीकरमधून घरघर येईल आणि अॅडॉप्टर तापतील. इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के वीज खातो. शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट जळत राहतात, त्यामुळे मिक्सरसाठी घेतलेल्या दीड हजार वॅटच्या इन्व्हर्टरवर पन्नास वॅटचा टीव्ही चालवू नका. तीनशे वॅटचा छोटा वेगळा घ्या. आणि शक्य असेल तर बाहेर अॅडॉप्टर असलेलाच टीव्ही शोधा, म्हणजे इन्व्हर्टरची गरजच पडणार नाही.

आता वायर. संत्र्याच्या बगीच्यात बारीक लॅटरल लांबवर ओढली, की शेवटच्या झाडाला पाणी ठिबकत नाही, तसंच हे आहे. जुन्या गाडीत टीव्हीच्या जागेपर्यंत बहुतेक वेळा एक स्क्वेअर एमएमची वायर असते. समजा बॅटरी ते टीव्ही सहा मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर बारा मीटर. एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१९ ओहम, बारा मीटरचा झाला ०.२३. सव्वासहा अँपिअरला गुणलं की जवळजवळ दीड व्होल्ट रस्त्यातच गेले. बॅटरीवर साडेबारा, टीव्हीमागे अकरा. मग टीव्हीचा लोगो येतो, जातो, परत येतो, आणि लोक टीव्ही बदलून आणायला दुकानात जातात. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली, तर तोच तोटा व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. मोजायचं असेल तर टीव्ही चालू ठेवूनच मोजा. बंद असताना दोन्हीकडे साडेबाराच दिसतात आणि फसगत होते.

नवी वायर सलग टाका, जुन्या वायरला पिळे मारून जोडू नका. टोकांना थिंबल क्रिंप करा, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवा. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत. या भारासाठी दहा अँपिअरचा पुरतो. फ्यूज टीव्हीजवळ लावला तर मधल्या सहा मीटर वायरला वाली कोण? आणि मोटरहोम वर्षातले निम्मे महिने गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी असते, तिथे ढेप-कुटाराच्या वासाने उंदीर आलेलेच असतात. त्यांनी कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली, तर हाच फ्यूज गाडी वाचवतो. वायरवर कडक कॉरुगेटेड पाइप चढवाच.

टीव्ही टांगताना

दोन-सव्वादोन मीटरवरून बघायचं असेल, तर बत्तीस इंच भरपूर झाला. त्रेचाळीस इंची पडदा त्या गाडीत खिडकी झाकतो. साइझपेक्षा पॅनल महत्त्वाचं, कारण गाडीत समोर बसून बघणारा एखादाच, बाकीचे बर्थवर कलंडून तिरपे बघतात. आयपीएस पॅनल बाजूनेही रंग टिकवतं. दुकानातच तिरपं उभं राहून बघून घ्या.

भिंतीच्या बारा एमएमच्या प्लायवूडला नुसते स्क्रू मारून टीव्ही टिकत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला एक फेरी झाली की स्क्रूची भोकं सैल होतात. आरपार बोल्ट, मागून लोखंडी पट्टी, नायलॉन लॉकनट. हलणारा हात असलेला ब्रॅकेट घेतलात, तर प्रवासात तो जागेवर अडकवणारी पिन असलेलाच घ्या. टीव्हीच्या पाठीवरच्या भोकांत बसणारे स्क्रू लहान टीव्हीला चार एमएमचे असतात. जास्त लांबीचा स्क्रू घट्ट आवळला तर तो आत बोर्डात शिरतो. ड्रायव्हरला चालत्या गाडीत दिसेल अशा जागी पडदा लावू नका, हे सांगायला नको, पण लावलेले पाहिले आहेत.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय. बहुतेक टीव्ही चाळीस अंशांपर्यंत चालवायला बनवलेले असतात. दुपारभर उन्हात बंद ठेवलेली गाडी उघडून लगेच टीव्ही लावला, की कधीकधी पडद्यावर काळपट ढग दिसतात. द्रवस्फटिक तापून आपला गुण सोडतात, म्हणून तसं होतं. घाबरू नका, खिडक्या उघडा, पंखा लावा, गार झाल्यावर ढग जातात. मात्र रोज रोज असंच केलं, तर पॅनल कायमचं खराब होतं. पश्चिमेच्या खिडकीसमोर आणि गॅसच्या शेगडीवरच्या कपाटात टीव्ही नको.

स्मार्ट टीव्हीचा जंगलाजवळ फारसा उपयोग नाही. मेळघाटात आत गेलं की बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. पेन ड्राइव्ह भरून न्या. तो एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट असेल, तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जात नाही, म्हणून एनटीएफएस किंवा एक्सएफएटी करा आणि आपला टीव्ही ते वाचतो का, हे घरीच तपासून निघा.

छत्री कुठे वळवायची

डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही, त्यामुळे फिरत्या गाडीला तीच सोयीची. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, सध्या तिचे सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. विदर्भातून तो आग्नेयेला आणि बराच उंच दिसतो. नागपुरातून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १४४ ते १४५ अंश, आणि क्षितिजापासून उंची साठ अंश. बुलडाण्याला दिशा १३८ च्या आसपास आणि उंची एकोणसाठ, गडचिरोलीला १४५ आणि बासष्टच्या जवळ. म्हणजे अख्ख्या विदर्भात फरक थोडाच, घरी एकदा नीट लावून खुणा करून ठेवल्या तर पुढे हात बसतो.

मोबाइलमधलं होकायंत्र गाडीला टेकून बघू नका, पत्रा त्याला खोटं बोलायला लावतो. पाच-सहा पावलं दूर जाऊन दिशा घ्या. आणि छत्री साठ अंशांवर आभाळाकडे तोंड करून दिसणार नाही. ऑफसेट डिशचा एलएनबी (पुढच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा) खालच्या बाजूला असतो आणि ती वीस-पंचवीस अंश जास्त उभी दिसते. पहिल्यांदा लावणारे इथेच गोंधळतात.

छपरावर पक्की बसवण्यापेक्षा जमिनीवर तिपाई मांडून ठेवलेली छत्री बरी, असं माझं मत. गाडी एका चाकाने खड्ड्यात असली तरी तिला फरक पडत नाही आणि गाडी सावलीत, छत्री उन्हात असं करता येतं. उपग्रह इतका उंच आहे, की दहा मीटर उंचीचं झाड आग्नेयेला सहा मीटरपेक्षा लांब असेल तर आडवं येत नाही. सागाच्या झाडाखाली मात्र फसायला होतं. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका असतो, सिग्नल झकास येतो. तीच जागा जुलैत सुपाएवढ्या पानांनी भरून जाते आणि पडदा कोरा. जोराच्या पावसात उघड्या जागीही चित्र फुटतं, तो छत्रीचा दोष नव्हे, या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. केबल काढताना-लावताना बॉक्स बंद ठेवा. त्या केबलमधून एलएनबीला तेरा-अठरा व्होल्ट जात असतात, एक तार चुकून टेकली तर बॉक्स जातो.

आवाज

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. कपाटाच्या खोबणीत टीव्ही बसवला की संवाद पुटपुटल्यासारखे येतात. माझा अनुभव असा, की चित्र थोडं कमी चाललं तर घरात कोणी बोलत नाही, पण बोलणं ऐकू आलं नाही तर आजी पाच मिनिटांत उठून झोपायला जाते.

सगळ्यात जास्त नुकसान जुन्या स्पीकर वायरवर नवा टेप, म्हणजे गाडीतला स्टिरिओ, जोडताना होतं, म्हणून हे नीट वाचा. जुन्या कॅसेट टेपच्या काळात अनेक गाड्यांत स्पीकरची एकच वायर ओढलेली असायची, दुसरं टोक सरळ बॉडी अर्थला. तेव्हाच्या टेपला ते चालायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर अॅम्प्लिफायर असतो, त्यातली कोणतीच तार अर्थ नसते. ती बॉडीला टेकली की टेप बंद पडतो, नाहीतर त्याचा आउटपुट आयसी कायमचा जातो. टेप जोडण्याआधी मल्टीमीटर बीपवर ठेवून स्पीकरचं प्रत्येक टोक गाडीच्या पत्र्याशी तपासा. बीप आली, तर त्या स्पीकरला दोन नव्या तारा ओढा.

बहुतेक टेपच्या हार्नेसमध्ये (मागच्या तारांच्या जुडग्यात) पिवळी तार कायम बारा व्होल्टची, लाल किल्लीवरची, काळी अर्थ, निळी-पांढरी अॅम्प्लिफायर चालू करणारी. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळा पट्टा असलेली तार निगेटिव्ह. मोटरहोममध्ये पिवळी तार आतल्या बॅटरीवर घ्या, म्हणजे मुक्कामात गाणी ऐकल्याने सेल्फची बॅटरी उतरणार नाही. लाल तारही मग एका स्विचमधून तिथूनच घ्या.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं, त्यावर भुलू नका. साडेचौदा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला असा अॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त पंचवीसेक वॅट देऊ शकतो, गणितच तसं आहे. टेपमागचा फ्यूज बघा, दहा किंवा पंधरा अँपिअरचा असतो. दोनशे वॅट आवाज काढायला तो पुरेल कसा? गाडीच्या आत तेवढी गरजही नसते.

टीव्हीचा आवाज टेपच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या सॉकेटमध्ये) घेतला, की इंजिनाबरोबर चढत जाणारी एक किरकिर ऐकू येते. टीव्हीचा अर्थ एकीकडे, टेपचा दुसरीकडे, दोघांत थोडा व्होल्टचा फरक, आणि अल्टरनेटरची घरघर ऑक्सच्या तारेतून वाहते. दोन्हींचे अर्थ एकाच बोल्टवर आणले की बहुधा ती जाते. आवाज ऑप्टिकल केबलने नेला तर खात्रीच, कारण तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो. ब्लूटूथ स्पीकरमध्ये किरकिर नसते, पण आवाज ओठांच्या मागून येतो. गाण्याला चालतं, सिनेमाला नाही. साउंडबार घ्यायचा तर टीव्हीवर ज्या एचडीएमआय पोर्टशेजारी ‘एआरसी’ लिहिलं आहे त्यालाच जोडा, बाकीच्या पोर्टवर आवाज येणार नाही.

मला स्वतःला साउंडबारपेक्षा बारा व्होल्टवर चालणारा छोटा क्लास-डी अॅम्प्लिफायर आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन चार-ओहमचे स्पीकर आवडतात. पंधरा वॅटच्या आसपास मिळतात, इन्व्हर्टर लागत नाही आणि बिघडलं तर वरुडच्या बाजारात दुरुस्त होतं.

रेडिओ विसरू नका. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर मिडियम वेव्हला लागतं आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांना गाडीत ते हवंच असतं. हल्लीच्या काही टेपमध्ये एएम बँडच नसतो, घेण्याआधी बघा. आणि बँड असूनही नुसती खरखर येत असेल, तर आधी इन्व्हर्टर बंद करून बघा, मग सोलरचा चार्ज कंट्रोलर, मग सेट टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर. एकेक बंद करत गेलं की चोर सापडतो. त्याच्या तारेवर फेराइटचा मणी चढवला किंवा तो अँटेनाच्या तारेपासून दूर नेला, की स्टेशन स्वच्छ लागतं.

हे सगळं बसवून झालं, की टीव्ही-साउंडच्या मुख्य तारेवर एक मेन स्विच लावा, हाताला लागेल अशा जागी. रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स खरा बंद होत नाही. पाच-सहा वॅट तो खातच राहतो, म्हणजे दिवसाला सव्वाशे ते दीडशे वॅट-तास. शेडमध्ये उभ्या गाडीला सोलर मिळत नाही, आणि शंभर अँपिअर-अवरची बॅटरी त्या एकट्या बॉक्सने चार-पाच दिवसांत अर्ध्यावर येते.